हलगी का थांबली? आंतरमहाविद्यालयीन कुस्ती आणि बेळगावचा प्रेक्षक

आपल्या मंडळाच्या बैठकीत कुस्तीवर बोलायचं ठरलं की बहुतेक जण पैलवानांवर बोलतात. कुणी कुणाला किती मिनिटांत आस्मान दाखवलं, कुणाची छाती किती इंच होती, कुणाचा खुराक काय होता. हे सगळं हवंच. पण मैदानाच्या कडेला बसून जो ओरडतो, टोपी उडवतो, शिव्या घालतो आणि घरी जाताना आठ दिवस पुरेल एवढा विषय घेऊन जातो, त्या प्रेक्षकाची नोंद आपण कुठं केली आहे? मी स्वतः पैलवान नव्हे. लहानपणी दोन वर्षं तालमीत जोर-बैठका काढल्या, एवढीच माझी पात्रता. प्रेक्षक म्हणून मात्र चाळीसेक वर्षांची हजेरी आहे. त्या हक्कानं हे लिहितो आहे. यात एक चूक माझीही आहे, तीही सांगणार आहे.

एक दुपार

साल 2009. पावसाळा नुकताच सरला होता. बेळगावातल्या एका कॉलेजच्या पटांगणात आंतरमहाविद्यालयीन कुस्ती स्पर्धा होती. त्या वेळी आपल्या भागातली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 सालचं. त्यामुळं बेळगाव, बागलकोट, धारवाड अशी सगळीकडची पोरं आली होती.

मांडव घातलेला, मधोमध मॅट, टेबलामागं पंच आणि गुण लिहिणारे. प्रेक्षक दोन तऱ्हेचे. मागं झाडाखाली कॉलेजची मुलं-मुली, आपापल्या कॉलेजचं नाव घेऊन ओरडणारी. आणि पुढं, मॅटला अगदी चिकटून, खेड्यांतली तालमीची मंडळी. पांढऱ्या टोप्या, तंबाखूच्या चंच्या, आणि एका गावानं तर हलगी, घुमकं, कैताळ असा पुरा ताफा आणलेला. संयोजकांनी नको नको म्हटलं, पण ऐकतंय कोण!

66 किलो वजनगटाची अंतिम कुस्ती. लाल पोशाखात आपल्या तालुक्यातलं एक पोरगं, निळ्यात बागलकोटकडचा एक तगडा गडी. पहिल्या फेरीत आपल्या पोरानं निळ्याला वर्तुळाबाहेर ढकललं, एक गुण. दुसरी फेरी शून्य-शून्य. तेव्हाच्या नियमाप्रमाणं पंचानं पिशवीत हात घातला आणि रंगीत चेंडू काढला. निळा निघाला. निळ्याला लाल गड्याचा पाय धरून सुरुवात करायला मिळाली आणि त्यानं गुण घेतला. तिसऱ्या फेरीत आपल्या पोरानं पुन्हा एकदा रेटून बाहेर काढलं आणि उरलेला वेळ अंग वाचवून काढला. शिट्टी झाली. पंचानं लाल हात वर केला. विद्यापीठाचा विजेता!

आणि हलगी वाजलीच नाही.

हलगीवाल्यानं टिपऱ्या हातात धरल्या होत्या. त्यानं म्हाताऱ्यांकडं बघितलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली. मग एक जण मोठ्यानं म्हणाला, "ही कसली कुस्ती गा? ढकलाढकली हाय ही!" मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "चितपट कर की! चितपट!" असं ओरडणाऱ्यांत मीही होतो. पोरगं मान खाली घालून मॅटवरून उतरलं. कॉलेजच्या चार मित्रांनी त्याला उचललं, पण त्याचं लक्ष आमच्याकडं होतं.

प्रेक्षक असा का वागला?

ही घटना नुसता गावठीपणा म्हणून सोडून देता येईल. पण इतिहास बघणाऱ्यानं तसं करू नये. त्या शांततेमागं शंभर वर्षांची शिकवण होती.

आपल्याकडचं मैदान प्रेक्षकाला बसवूनच बांधलेलं आहे. कोल्हापूरचं खासबाग बघा. राजर्षी शाहू महाराज 1902 साली एडवर्ड सातव्याच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं. त्या धर्तीवर 1907 साली खासबागेचं काम सुरू झालं आणि 1912 साली ते पुरं झालं. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, मध्ये खांब नाही की आडोसा नाही. तीसेक हजार माणसं बसली तरी शेवटच्या माणसाला पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही हे दिसतं. उद्घाटनाला गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली होती. तेव्हापासून आपल्याकडच्या माणसाची अशी समजूत आहे की, पंच एक, पण डोळे हजारो.

खेड्यातल्या मैदानाला बैठक नसेल, शेताचा बांध असेल, पण रीत तीच. तिथं प्रेक्षक चार कामं करतो.

पहिलं काम जोड बघण्याचं. लहान कुस्त्यांची जोड मैदानातच लागते. पोरं शेजारी शेजारी उभी करतात. एक अंगानं भारी वाटला की कडेनं आरडाओरडा, "जोड न्हाई, जोड न्हाई!" मग जोड बदलावी लागते.

दुसरं काम इनामाचं. कुस्ती रंगली की भोंग्यावरून नावं सुरू होतात, अमक्यांकडून शंभर, तमक्यांकडून दोनशे. जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात. पंचाचा निकाल एकदाच होतो. हा दुसरा निकाल माणसागणिक होतो.

तिसरं काम सूर धरण्याचं. खडाखडी चालू असताना हलगी संथ. एकानं पट काढला की ती चढते. खालचा गडी पालथा पडून माती धरून बसला, वरच्यानं सवारी भरली, घिस्सा ओढायला लागला की हलगीवाला उभाच राहतो. त्याला कुणी खूण करत नाही. तो प्रेक्षकांच्या ओरडण्यावर वाजवतो आणि प्रेक्षक त्याच्या वाजवण्यावर ओरडतात.

चौथं काम सगळ्यांत महत्त्वाचं, ते म्हणजे खोटी कुस्ती ओळखणं. हिला आपल्याकडं 'नुरा' म्हणतात. दोघांनी आधीच ठरवायचं, घटकाभर झोंबायचं आणि बरोबरीत सोडवून इनाम वाटून घ्यायचं. तिकीट काढून आलेल्या माणसाची ही उघड फसवणूक. म्हणून जुना प्रेक्षक बरोबरीवर संशयच घेतो. 'कुस्ती निकाली झाली पाहिजे' हा हट्ट या संशयातून आलेला आहे. पाठ लागली तर खोटं बोलायला जागा नाही. जिथं पाठ लागलेली नाही, तिथं काहीतरी शिजलंय, असं आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला शिकवलं.

आता हा प्रेक्षक मॅटजवळ आणून बसवा. चिवट बचाव, रेटून घेतलेला एक गुण, आणि वर पिशवीतून काढलेला चेंडू! त्याला ती कुस्ती वाटेलच कशी?

दोन भाषांचं ओरडणं

जरा विषयाच्या कडेनं जातो, पण हे नोंदवलंच पाहिजे. आपल्या मैदानावर मराठी आणि कन्नड वेगळं बसत नाही. एकाच बांधावरून "पट काढ की गा!" आणि "हिडी, हिडी! बिडब्याड!" असे दोन्ही आवाज येतात. हिडी म्हणजे धर, बिडब्याड म्हणजे सोडू नकोस. मी कन्नड जे काही शिकलो त्यातलं निम्मं मैदानाच्या कडेला. सीमेच्या प्रश्नावर ज्यांची एकमेकांशी बोलाचाली नव्हती अशी माणसं मी एका घोंगडीवर बसून एकाच पैलवानासाठी ओरडताना बघितली आहेत.

पैलवानाच्या बाबतीतही तेच. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. तालीम मात्र कोल्हापूरची, शाहूपुरीची. 1959 साली दिल्लीत त्यांनी पंजाबच्या बंतासिंगला हरवलं. त्यांना कोल्हापूर आपलं म्हणतं आणि एकसंबाही आपलं म्हणतं, आणि यावर कुणी भांडलेलं माझ्या ऐकिवात नाही.

कॉलेजचा पैलवान आणि त्याचे लोक

मातीचा प्रेक्षक आणि कॉलेजची कुस्ती यांचं कधी जमलंच नाही, असं मात्र समजू नका. सगळ्यात मोठा दाखला खाशाबा जाधवांचा आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. शरीर लहानखुरं. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत खेळशिक्षकांनी त्यांचं नाव घ्यायलाच नकार दिला, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडं गेले आणि परवानगी मिळाल्यावर आपल्याहून थोराड गड्यांना हरवून आले, अशी हकीकत सांगितली जाते. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. तिथं मॅटवर पहिल्यांदाच उभं राहून सहावा क्रमांक मिळवला.

1952 च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं आणि दुकानदारांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. परतल्यावर कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे बहुतेकांना ठाऊक असतं.

मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडलं. म्हणजे हिशेब असा झाला की कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून पैलवान मॅटवर पाठवला, आणि मातीच्या प्रेक्षकानं तिकीट काढून ते घर सोडवलं. त्या प्रेक्षकातल्या कितीकांना हेलसिंकीचे गुण कसे मोजले हे समजलं असेल? फारच थोड्यांना. तरी त्यांनी पोराला परकं मानलं नाही.

2009 च्या त्या दुपारी आम्ही मात्र मानलं.

पोराची बाजू

गेल्या वर्षी एका लग्नात तो मला भेटला. आता चाळिशीकडं झुकलेला, एका शाळेत खेळशिक्षक आहे. मी ओळख दिली, त्या कुस्तीला मी होतो असं सांगितलं. ओरडणाऱ्यांत होतो हेही सांगितलं. तो हसला. म्हणाला, "काका, त्या दिवशी माझी ती चौथी कुस्ती होती. सकाळपासून."

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मैदानात पैलवान दिवसाला एकच कुस्ती करतो. महिनाभर खुराक खाऊन, अंग राखून, एका गड्यासाठी तयार होऊन येतो. कॉलेजच्या स्पर्धेत सकाळी वजन द्यायचं, मग बाद पद्धतीनं एकामागून एक कुस्त्या. त्याच्याआधी काही दिवस वजन उतरवण्यासाठी पोटाला चिमटा. शिवाय प्रत्येक विजयाचे गुण कॉलेजच्या खात्यात जातात, त्यावर सांघिक विजेतेपद ठरतं. त्यामुळं बाहेर उभा असलेला शिक्षक सांगत असतो, "जोखीम घेऊ नको, एक गुण पुरे." पोरगं दमलेलं असतं, आणि शहाणंही असतं.

"निळ्याचा मोळीचा डाव भारी होता," तो म्हणाला. "मी जवळ गेलो असतो तर चितपट मीच झालो असतो. मी दूर ठेवून त्याला रेटत राहिलो. ती माझी कुस्ती होती."

मी विचारलं, गावात नंतर काय म्हणाले? तो जरा थांबला. "पेढे वाटले घरच्यांनी. पण जत्रेच्या मैदानात मला त्या वर्षी मोठी जोड दिली नाहीत. म्हणाले, तू मॅटचा. मग मी माती सोडलीच."

एवढंच. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण मला घास गिळवेना.

पिशवीतला चेंडू

आता म्हाताऱ्यांची बाजू, कारण तेही पुरते चुकलेले नव्हते.

2005 ते 2012 या काळात कुस्तीचा आंतरराष्ट्रीय नियम असा होता की दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, ज्यानं दोन जिंकल्या तो विजयी. एका फेरीत पाच गुण घ्या किंवा एक घ्या, किंमत सारखीच. फेरी शून्य-शून्य सुटली तर चेंडू काढायचा. ज्याचा रंग निघेल त्याला समोरच्याचा पाय धरायला मिळायचा. तीस सेकंदांत त्यानं गुण घेतला तर फेरी त्याची, नाहीतर समोरच्याची. पाय हातात आयता मिळालेला गडी बहुतेक वेळा जिंकायचा. म्हणजे अर्धी कुस्ती नशिबावर.

बेळगावच्या म्हाताऱ्यांना जे खटकलं ते पुढं जगालाही खटकलं. फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं 2020 च्या ऑलिंपिकमधून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. एकच खळबळ उडाली. बघणाऱ्याला खेळ कळत नाही, ही कुस्तीवरची एक मोठी टीका होती. मग त्याच वर्षी मे महिन्यात नियम बदलले. तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दोन्हींचे गुण एकत्र, आणि चेंडूची पिशवी कायमची बंद. सप्टेंबरमध्ये कुस्ती पुन्हा ऑलिंपिकमध्ये आली.

मी ही बातमी वाचली तेव्हा मला तो टोपीवाला म्हातारा आठवला. "पिशवीतनं काय कुस्ती काढत्यात व्हय?" असं तो त्या दिवशी म्हणाला होता. नियमाबद्दल त्याचं म्हणणं रास्त होतं. फक्त ते त्यानं, आणि आम्ही सगळ्यांनी, नियम करणाऱ्याला न सुनावता एका वीस-बावीस वर्षांच्या पोराला सुनावलं. समोर तोच होता म्हणून.

आज काय दिसतं

अलीकडं मी दोन-तीन कॉलेज स्पर्धा बघितल्या. चित्र पालटलं आहे. मागची झाडाखालची पोरं आता पुढं आली आहेत. त्यांना नियम पाठ आहेत. खाली पाडलं तर दोन, हवेतून पाठीवर टाकलं तर चार, बाहेर ढकललं तर एक, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. पंचाच्या निर्णयावर शिक्षकानं हरकत घेतली की सगळे श्वास रोखून मोबाइलवरचं चित्रण पुन्हा पुन्हा बघतात. हरकत फेटाळली तर समोरच्याला एक गुण जातो, हेही त्यांना माहीत असतं. खेळ समजून ओरडणारा हा नवा प्रेक्षक आहे, आणि तो चांगला आहे.

वाद संपलेले नाहीत. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत माती विभागात महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले आणि सिकंदर शेख हरला. तेव्हा आमच्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पाठ किती टेकली, खांदा कुठं होता, चार की दोन! मोबाइल एकमेकांपुढं धरून भांडणं. लक्षात घ्या, इथं माती असूनही भांडण गुणांचं होतं. जुना प्रेक्षक आणि नवा प्रेक्षक एकमेकांत मिसळू लागल्याची ती खूण आहे.

कमी झालंय ते जोड लावताना ओरडणं, हातात नोट ठेवणं आणि हलगी. काही ठिकाणी मॅटजवळ वाद्यांना बंदी असते, आणि पंचाची शिट्टी ऐकू यायला हवी हे मलाही पटतं. पण हलगीचे हात आता थोडेच राहिले आहेत. कुठल्या प्रसंगाला कुठला ठेका, पट काढल्यावर कसा, चितपट झाल्यावर कसा, हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मंडळाकडं विनंती

म्हणून माझं सुचवणं असं. मैदानांच्या जुन्या जाहिराती, 'कुस्त्यांचं जंगी मैदान' असं मोठ्या टायपात छापलेली पत्रकं, ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी जपून ठेवावीत आणि मंडळाकडं एक छायाचित्र तरी द्यावं. हलगी वाजवणाऱ्या बुजुर्गांचे ठेके आपण ध्वनिमुद्रित करावेत. आणि कॉलेजच्या स्पर्धांत खेळलेल्या आपल्या भागातल्या मुलांची यादी करावी. जत्रेच्या मैदानांच्या आठवणी निदान तोंडी तरी आहेत. या मुलांची नोंद कॉलेजच्या कपाटातल्या एखाद्या धूळ बसलेल्या ढालीवर असेल तर असेल.

त्या यादीतलं पहिलं नाव मी दिलेलं आहे. लग्नाहून परतल्यावर त्याला फोन करून परवानगी घेतली. तो म्हणाला, "काका, घाला की. पण किती गुणांनी जिंकलो तेही लिवा." यादीत लिहिलं आहे. 66 किलो, तीन फेऱ्यांत दोन गुण, त्या दिवसातली चौथी कुस्ती, विजयी.